वर्तुळाआधी चौकट

ओव्हाळ सरांना जावा मी शिकवली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे अभिमानानं उच्चारलेलं नाही आणि यापुढेही उच्चारेन असं वाटत नाही. पण गोष्ट सांगायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

मी वासंती आगाशे. राहायला शनिवार पेठेत, नोकरीला लोणी काळभोरला, हायवेपासून जरा आत असलेल्या एका पॉलिटेक्निकमध्ये. म्हणजे रोज सकाळी पुण्यात मनपाच्या थांब्यावरून बस, संध्याकाळी मनपाला बस, आणि या दोन बसच्या मध्ये जो काही वेळ उरतो त्यात मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. एकोणीस वर्षं झाली. तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की 'प्रवास' असं उत्तर तोंडावर येतं. शिकवण्याचा मला कंटाळा आहे असं नाही. पण मे महिन्यात विहिरीचं पाणी जसं तळाला जातं तसा माझा उत्साह गेली काही वर्षं तळाला आहे. बादली सोडली की येतो, पण गाळासकट.

सुखदेव ओव्हाळ आमच्याकडे इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. एकतीस वर्षं. तळमजल्यावर त्यांचा ड्रॉइंग हॉल होता. साठ उतरते लाकडी बोर्ड, साठ उंच स्टुलं आणि भिंतीवर लाकडी शंकू, वृत्तचिती, गोल यांचं कपाट. सर उंच, वाळके, उन्हाळा असो की पावसाळा पांढऱ्या फुल बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला तीन पेन्सिली, ब्लेडनं तासून छिन्नीसारख्या केलेल्या. मुलाची शीट तपासताना ते चष्मा काढायचे आणि नाक कागदाला टेकेल इतके वाकायचे. रेघ जिथं अर्धा मिलिमीटर चुकली असेल तिथं बारीक लाल गोल करायचे आणि पुढच्या बोर्डाकडे वळायचे. ओरडणं नाही, टोमणे नाहीत. पुण्यात एकतीस वर्षं मास्तरकी करून टोमणा न मारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पोरं त्यांना मागून 'झिरो पॉइंट फाइव्ह' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडायचंही.

तीन वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला. हातानं ड्रॉइंग काढायचे तास निम्मे झाले, मग त्याच्या निम्मे, आणि गेल्या दिवाळीनंतर प्राचार्य जयसिंगराव यांनी सांगितलं की ड्रॉइंग हॉलचा सेमिनार हॉल करायचा आहे. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकवायला एम. ई. झालेली एक चटपटीत मुलगी आधीच आलेली होती. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचं काय करायचं, यावर कमिटीनं बराच विचार करून कमिट्या करतात तसाच निर्णय घेतला. कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायकाची एक जागा होती. त्या जागेवर बसायला एक तरी प्रोग्रामिंगची भाषा यायला हवी, असा नियम होता. मार्चअखेर बाहेरचा परीक्षक बोलावून सरांची परीक्षा घ्यायची. प्रोग्राम चालला तर दोन वर्षं लॅब. नाही चालला तर एकतीस मार्चला नारळ.

"चित्रं काढायचीच परीक्षा ठेवा," असं मीच सुचवलं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत रेघा, चौकोन, वर्तुळं काढायचं एक प्रकरण असतं. म्हटलं, माणसाचा हात ज्यात बसलाय त्यातच त्याला बघू दे. जयसिंगराव म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच तयारी करून घ्या." मदत करायला तोंड उघडलं की काम गळ्यात पडतं, हे मला एकोणीस वर्षांत कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी चारच्या सुमाराला सर माझ्या जुन्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आले. हातात ग्राफ पेपरची वही. दारात चप्पल काढायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "अहो सर, देऊळ नाहीये. उलट चप्पल घाला, इथं खाली वायरी आहेत."

बसल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मला एकच सांगायचंय. एकदाच सांगतो, रोज सांगणार नाही. मला निवृत्त व्हायचंय. काढून टाकलेला माणूस म्हणून गाडीतळावर उतरायचं नाही." सर हडपसरला राहायचे, रोज माझ्याच बसनं गाडीतळाला उतरायचे. मी मान हलवली. अशा वेळी काय बोलतात ते मला सुचत नाही, म्हणून मी कॉम्प्युटर चालू केला. तो चालू व्हायला सहा मिनिटं लागायची.

"आता ओरिजिन कुठं?" सरांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"डाव्या कोपऱ्यात. वर."

"वर?" त्यांनी चष्मा काढला. "आणि वाय?"

"वाय खाली वाढतो."

सरांनी वहीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं होतं की शून्य खाली डावीकडे, एक्स उजवीकडे, वाय वर. "कुणी ठरवलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्यांनी ठरवलं ते भेटले तर मलाही त्यांना बऱ्याच गोष्टी विचारायच्या आहेत.

त्या दिवशी त्यांनी एक घर काढलं. चौकोन, त्यावर त्रिकोणी छप्पर. वहीत आधी सगळे बिंदू मांडले, आकडे लिहिले, एका बोटानं शोधून शोधून टाइप केले, आणि पडद्यावर घर आलं ते छप्पर खाली करून. ते हसतील म्हणून मी थांबले. ते हसले नाहीत. त्यांनी वही उलटी धरली, घराकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. म्हणजे कागद फिरवायचा. मी नाही फिरायचं." तेव्हापासून त्यांच्या वहीत शून्य वर आलं.

वर्तुळाच्या दिवशी मात्र ते खरोखर दुखावले. जावामध्ये वर्तुळ काढायचं तर ड्रॉ-ओव्हल म्हणायचं आणि चार आकडे द्यायचे. पहिले दोन आकडे म्हणजे केंद्र, असं सरांनी धरलं. कुणीही ड्रॉइंगवाला हेच धरेल. कंपासचं टोक आधी टेकवायचं आणि मग पेन्सिल फिरवायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं. वर्तुळ उजवीकडे खाली घसरून अर्धं चौकटीबाहेर गेलं. मी सांगितलं की ते आकडे केंद्राचे नाहीत. वर्तुळाभोवती एक चौकोन आहे असं समजायचं आणि त्या चौकोनाचा वरचा डावा कोपरा द्यायचा, मग त्याची रुंदी आणि उंची.

"आणि केंद्र?"

"केंद्र जावा विचारत नाही."

"केंद्र न विचारता वर्तुळ काढायचं." ते हे प्रश्नासारखं म्हणाले नाहीत. वही मिटून ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं. मला घरी जायचं होतं, बस चुकली असती, आणि खरं सांगायचं तर मनात आलं की सोडून द्या हो सर, कशाला या वयात ही कटकट. पण पाच मिनिटांनी ते परत आले. "आयसोमेट्रिक ड्रॉइंगमध्ये आम्ही हेच करतो की," म्हणाले. "आधी चौकट काढतो, मग तिच्यात वर्तुळ बसवतो. मुलांना मीच शिकवलंय. वर्तुळाआधी चौकट." आणि खुर्चीत बसून त्यांनी लागोपाठ सात वर्तुळं काढली, एकात एक, सगळ्यांचं केंद्र एकच. केंद्रातून त्रिज्या वजा करायची की कोपरा मिळतो, हे त्यांनी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सातवं वर्तुळ आलं तेव्हा माझी साडेपाचची बस गेलेली होती आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

असे आम्ही डिसेंबरपासून मार्चपर्यंत बसलो. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा ते विसरायचे. "मराठीत तरी कोण वापरतं हो अर्धविराम?" म्हणायचे. बहुभुजाकृती काढताना सगळे एक्स एका रांगेत आणि सगळे वाय दुसऱ्या रांगेत लिहावे लागतात, त्यावर म्हणाले, "रेशनच्या दुकानासारखं झालं. बाप्यांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. जोड्या घरी गेल्यावर लावायच्या." वर्तुळाचा कंस काढायला शिकवला, तेव्हा तर त्यांनी जावालाच पकडलं. वाय उलटा केला म्हणता, मग कोन मात्र घड्याळाच्या उलटच कसे मोजता? आमच्यासारखेच? "म्हणजे अर्धंच उलटं केलंय," सर म्हणाले. "कमिटीनं केलेलं दिसतंय." हा त्यांनी माझ्यासमोर मारलेला एकमेव टोमणा. मी इतके दिवस हे प्रकरण शिकवत होते, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

संध्याकाळी बसमध्ये ते मला खिडकी द्यायचे. गाडीतळ येईपर्यंत वहीतले आकडे बघत बसायचे. मी डोळे मिटून बसायचे. दोन थकलेली माणसं शेजारी बसली की फार बोलावं लागत नाही, एवढं एक सुख त्या प्रवासात होतं.

आता माझ्या चुकीकडे येते. लांबवत होते, हे माझ्याही लक्षात येतंय.

आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात हे चित्रांचं प्रकरण ॲप्लेट नावाच्या पद्धतीनं दिलेलं आहे. ॲप्लेट म्हणजे चित्राभोवतीचं एक खोकं समजा. प्रोग्राम त्या खोक्यात लिहायचा आणि एका खास आज्ञेनं ते खोकं उघडायचं. ही पद्धत जगात केव्हाच बाद झाली. नव्या जावामध्ये ते खोकं उघडायची आज्ञाच उरलेली नाही. हे मला माहीत होतं का? ऐकून माहीत होतं. पण पुस्तकात तेच, मुलांच्या जर्नलमध्ये तेच, आणि जुन्या लॅबमधल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर जुनीच जावा होती, तिच्यावर ते गुमान चालायचं. दरवर्षी तेच बारा प्रोग्राम, तीच उत्तरं, तीच सही. चालतंय ना, मग कशाला हात लावा.

परीक्षेच्या चार दिवस आधी शिपायानं निरोप आणला की परीक्षा वरच्या नव्या लॅबमध्ये होणार. पाहुणे येणार, तिथं एसी आहे. नवी लॅब दुसऱ्या मजल्यावर. वर जाऊन सरांचा एक प्रोग्राम तिथं चालवून बघायला हवा, हे माझ्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मी जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. पण गुडघे दुखत होते, सकाळपासून पाच तास घेऊन झाले होते, बसची वेळ झाली होती. दोन जिने. उद्या बघू म्हटलं आणि उद्या बघितलं नाही.

परीक्षक खराडीच्या कुठल्याशा कंपनीतून आला होता. पुष्कर त्याचं नाव, सत्तावीस-अठ्ठावीसचा, नम्र मुलगा. त्यानं छापील कागदावर आकृती दिली: एक चौकोन, त्यात नेमकं बसणारं वर्तुळ, आणि वर्तुळात तिन्ही कोपरे टेकलेला समभुज त्रिकोण. मापं सरांनी ठरवायची. वेळ एक तास. मी आणि जयसिंगराव मागं खुर्च्यांवर बसलो होतो.

सरांनी वही उघडली. केंद्र दोनशे-दोनशे, त्रिज्या शंभर. दहाव्या मिनिटाला त्रिकोणाचे कोपरे तयार होते. सत्त्याऐंशी अधिक-वजा करून त्यांनी खालचे दोन बिंदू काढले होते, ते मला मागूनही दिसत होते आणि ते बरोबर होते. मग एका बोटानं टाइप करणं सुरू झालं. अर्धविराम एकही सुटला नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "झालं."

मग त्यांनी ते खोकं उघडायची आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: अशी आज्ञा आम्हाला माहीत नाही. सरांनी स्पेलिंग तपासलं, पुन्हा दिली. तीच ओळ. तिसऱ्यांदा त्यांनी अक्षरावर अक्षर बोट ठेवून टाइप केलं. दुसऱ्याच वेळी मला सगळं कळलं होतं: या लॅबमध्ये नवी जावा होती.

पुष्कर पुढे वाकला. "सर, हे ॲप्लेट आहे. हे आता चालत नाही. लॉजिक करेक्ट आहे तुमचं, सगळे को-ऑर्डिनेट्स बरोबर आहेत, पण हे इथं रन नाही होणार." त्याच्या फॉर्मवर रकाना होता: प्रोग्राम चालला, होय किंवा नाही. तो पेन हातात धरून थांबला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही यांना ॲप्लेटच शिकवलं होतं का?"

साधा प्रश्न होता. उत्तर एका अक्षराचं होतं. हो.

शेजारी जयसिंगराव बसले होते. माझा करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो आणि तो एप्रिलमध्येच व्हायचा होता. एकोणीस वर्षं शिकवणारी बाई बाद झालेली गोष्ट शिकवतेय, हे त्यांच्यासमोर, या पोराच्या तोंडावर कबूल करायचं. मी तोंड उघडलं असं मला आठवतं. 

"नाही, नाही," सर म्हणाले. "मॅडमनी नवीन सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मीच विसरलो. जुन्या पुस्तकातलं डोक्यात बसलं होतं ना, तेच लिहीत गेलो. वय झालं."

मी गप्प बसले. पुष्करनं 'नाही'वर खूण केली.

बसमध्ये त्यांनी नेहमीसारखी मला खिडकी दिली. मांजरी गावाच्या थांब्याच्या आसपास मी म्हटलं, "सर, तुम्ही असं का सांगितलंत?" ते वहीत बघत होते. "माझं आज ना उद्या संपायचंच होतं. तुमची अजून दहा वर्षं आहेत," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "शिकवणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये. मला बघवत नाही ते." गाडीतळ आला. ते उतरले आणि मी खिडकीतून त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

एकतीस मार्चला ड्रॉइंग हॉलमध्येच त्यांना शाल-नारळ दिला. बोर्ड आधीच भंगारात गेले होते. निरोपाच्या भाषणात जयसिंगराव म्हणाले, काळाबरोबर धावताना कधी कधी स्मरणशक्ती साथ देत नाही. लोक हळहळले. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होते मी?

त्यानंतर पंधरा दिवस मला झोप लागेना. शेवटी मी जे आठ वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं: नवी पद्धत शिकले. दोन संध्याकाळी लागल्या. फक्त दोन! बाहेरचं खोकं बदलायचं, चित्राच्या ओळींना हातही लावायचा नाही. त्या नव्या खोक्यात मी परीक्षेतल्या सरांच्या ओळी, नव्या लॅबमधून उतरवून आणलेल्या, जशाच्या तशा घातल्या. चौकोन आला, त्यात वर्तुळ आलं, वर्तुळात त्रिकोण आला, तिन्ही कोपरे नेमके टेकलेले. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते चित्र बघताना मला माझीच शिसारी आली.

त्याचा प्रिंट घेऊन मी जयसिंगरावांकडे गेले. म्हटलं, ओव्हाळ सरांचा प्रोग्राम चालतोय, परीक्षा पुन्हा घ्या. ते म्हणाले, "घेऊ हो. पण पुन्हा विसरले तर? लॅबमध्ये विसरभोळा माणूस नको, मॅडम." आणि तिथंही मी फक्त 'बरं' म्हटलं. माणूस एकदा गप्प बसला की दुसऱ्यांदा गप्प बसणं सोपं जातं, हे मी स्वतःवरून सांगते.

त्या रविवारी तो प्रिंट घेऊन मी हडपसरला सरांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात सरांचा घरचा ड्रॉइंग बोर्ड, त्यावर कपड्यांची चळत. सर मला बघून उभे राहिले. त्यांच्या पत्नी कांताबाई पाणी घेऊन बाहेर आल्या.

"या बाई, बसा. तुम्ही येणार हे ह्यांनी सांगितलंच न्हाय."

"मी कळवलंच नव्हतं," मी म्हटलं.

"कळवलं असतं तरी ह्यांच्या ध्यानात कुठं राहतंय." त्या खाली बसल्या. बाई सरळ स्वभावाच्या, पण चेहरा ओढलेला होता. "परीक्षेत विसरले तेव्हापासनं लै घोर लागलाय बघा. माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं. आधी बारीकसारीक विसरायचे, मग माणसं वळखंना झाली. आता ह्यांना मी एकट्याला बाजारात सोडत न्हाय. चौदा एप्रिलला दरवर्षी वस्तीत अशोकचक्र हे काढायचे, चोवीस आऱ्यांचं, पार माणसाएवढं. यंदा मीच मंडळाला सांगितलं, ह्यांच्यावर सोडू नका, चुकलं तर चारचौघांत हसं होईल. मग त्यांनी फ्लेक्स आणला. उद्या डॉक्टरकडं न्यायचंय, मेंदूच्या. मैत्रीनं नंबर लावलाय." मैत्री म्हणजे त्यांची मुलगी. ती आतल्या दारात उभी होती, अभ्यासाची वही मधे बोट घालून मिटून.

मी सरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तीन आठवडे या माणसानं घरात हे चालू दिलं होतं. बायको भाजीला सोबत येते, मुलगी चष्मा कुठं ठेवलाय ते सांगते, चक्र दुसरेच छापून आणतात, आणि हा गप्प. कारण बोलायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

"कांताबाई," मी म्हटलं, "सर काही विसरले नव्हते. मी त्यांना नवीन शिकवलंच नव्हतं. मला स्वतःलाच येत नव्हतं. त्यांनी जे लिहिलं ते मी शिकवलं तसंच आणि तंतोतंत बरोबर लिहिलं. चूक माझी होती. त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली."

 प्रिंट मी पुढे केला, तो मैत्रीनं घेतला.

"मग हे तिथं का न्हाय बोललात?" कांताबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"कांता, मॅडमना बस आहे," सर म्हणाले.

"घाबरले," मी म्हटलं. "नोकरीला."

"आणि ह्यांना नोकरी नव्हती व्हय?"

 कांताबाई उठल्या, मैत्रीच्या हातातली वही घेतली, मधलं कोरं पान काढलं आणि पेनासकट माझ्यापुढं ठेवलं. "आत्ता बोललात ते लिहून द्या. तुमच्या साहेबांसाठी. तारीख टाकून, सही करून."

"राहू दे ना," सर म्हणाले. "आता काय उपयोग?"

"तुम्ही गप बसा. उपयोगाचं मी बघते."

मी लिहिलं. त्या कागदानं सरांची नोकरी परत आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जयसिंगरावांनी तो वाचला, घडी घातली आणि माझा करार नवा करायचं लांबणीवर टाकलं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी लिहिलं की जी पद्धत परीक्षेत चालली नाही ती मीच शिकवलेली होती, दुसरी शिकवलेली नव्हती, आणि सुखदेव ओव्हाळ काहीही विसरले नव्हते. सही केली. कांताबाईंनी कागद लेकीकडे दिला. "वाच मोठ्यानं."

मैत्रीनं वाचलं.

"पुन्हा वाच. आणि मग उद्याचा डॉक्टरचा नंबर काढून टाक."

ती दुसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा सर उठले आणि बाहेर गॅलरीत गेले. दार त्यांनी मागं ओढून घेतलं. मैत्री वाचत होती आणि मधे मधे थांबत होती, कारण दारापलीकडे सर हुंदके देत होते आणि ते आम्हा तिघींनाही ऐकू येत होतं.